आत माणूस आहे

काका आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा चपला काढल्या काढल्या त्यांनी विचारलं, "बाथरूम कुठे?" आणि आत जाऊन कडी लावून घेतली. मग काढली. पुन्हा लावली, पुन्हा काढली. असं चार-पाच वेळा झालं. नवरा पाण्याचा ग्लास घेऊन पॅसेजमध्ये ताटकळत उभा, आणि आमची सात वर्षांची सई दाराला कान लावून.

"अंकल, आर यू स्टक?" तिनं विचारलं.

"मी नाही हो," आतून आवाज आला. "पण तुम्ही अडकाल. ही कडी शेवटी जरा चावते. तुमचा हात कुठवर पोचतो?"

सईला अहो-जाहो करणारा तो जगातला पहिला आणि एकमेव माणूस. ते सगळ्यांनाच अहो म्हणत. वेल्डरला, ऑफिसच्या चहावाल्याला, अंबरनाथला असलेल्या बायकोला फोनवर, आणि एकदा तर बंद पडलेल्या कॉम्प्रेसरलासुद्धा "अहो, आता पुरे की" म्हणताना मी ऐकलंय. त्या दिवशी त्यांनी खिशातून पान्याचा छोटा संच काढून आमची कडी सैल केली, सईला आत पाठवून तीनदा उघडायला लावली आणि मगच ताटावर बसले. आमटी निवून गेली होती.

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये काका आणि मी कामाला होतो. गेट, जिने, पाण्याच्या टाक्या, प्रदर्शनांसाठी लागणारं काहीबाही, असं सगळं तिथं बनायचं. काका तपासनीस, आणि त्यांच्या तपासण्यांचे कागद सांभाळणारी मी. दोघंही अजमानला राहायचो, त्यामुळे सकाळी ते आमच्याच गाडीतून यायचे. गाडीत बसण्याआधी मागच्या दाराचा चाइल्ड लॉक बघायचे. रोज. नवरा म्हणायचा, "काका, काल बघितलाय की." त्यावर काका म्हणायचे, "काल कालचा."

मी स्वतः मुळातच घाबरट. गॅस बंद केला का, व्हिसा कधी संपतोय, शाळेच्या बसमध्ये सई झोपून तर राहिली नसेल ना, बंद बसमध्ये उन्हानं मूल गुदमरायच्या या शेवटच्या भीतीनं तर इथल्या आया उन्हाळाभर नीट श्वास घेत नाहीत. त्यामुळे माझ्याहून जास्त काळजी करणारा माणूस भेटल्यावर आधी मला फार बरं वाटलं. नंतर लक्षात आलं की आमच्या काळजीत फरक आहे. मी काळजी करते आणि बसून राहते. काका काळजी करायचे आणि आत जाऊन बसायचे.

हे अगदी शब्दशः. वर्कशॉपमधून जे काही बाहेर जाईल, त्यात किंवा त्यावर आधी ते बसत. शिडीच्या वरच्या पायरीवर बसत, बाकावर बसत. टाकी असेल तर आत उतरून झाकण लावून घेत, आणि बॅटरीच्या उजेडात दहा मिनिटं पेपर वाचत. दहा म्हणजे दहा. बाहेर एक माणूस कागद घेऊन उभा राहिलाच पाहिजे, हा नियम. आणि टाकीवर त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी: आत माणूस आहे. मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, आणि खानभाईंकडून लिहून घेतलेली उर्दूत. खानभाई म्हणजे आमचा फोरमन, पेशावरकडचा, अंगानं दांडगा आणि स्वभावानं गरीब. तो म्हणायचा, "काकाजी, टंकी में पानी जाएगा, आप क्यों जाते हो?" काका म्हणायचे, "पानी बोल नहीं सकता ना, खानभाई. मैं बोलके बताता हूँ."

त्यांच्या खिशात कायम विमानाच्या बॅगा तोलायचा काटा असे. आकडा लावायचा, ओढायचं, किलो बघायचे. दार उघडायला किती जोर लागतो, ड्रॉवरला किती लागतो, सगळं किलोत. एकदा आमच्या मॅनेजरशी हस्तांदोलन करून झाल्यावर ते मला हळूच म्हणाले, "साधारण दोन किलो. तब्येत बरी दिसत नाही साहेबांची."

त्यांच्या केबिनच्या भिंतीवर अवकाशयानांची चित्रं होती. पण सगळ्यांच्या भिंतीवर असतात तसली नव्हेत. माणूस पहिल्यांदा वर पाठवायच्या आधी, नुसत्या लोखंडी पत्र्याची, आत यंत्र नाही की माणूस नाही, पण मापाला आणि वजनाला अगदी अस्सल अशी यानं बनवत असत. ती विमानातून खाली टाकायची, समुद्रात सोडायची, पॅराशूट उघडतं का बघायचं, उलटी होतात का बघायचं. काकांकडे त्या डमी यानांचे काळेपांढरे फोटो होते. एक चेपलेलं, एक दोरखंडानं बांधलेलं, एक समुद्रात कलंडलेलं. पहिल्या दिवशी मी बावळटासारखं म्हणाले, "अय्या, ही खोटी यानं का?"

काका दुखावलेच. "खोटं काय आहे त्यात? वजन खरं आहे. पडणं खरं आहे." मग चेपलेल्या यानावर बोट ठेवून म्हणाले, "या बाई आपटल्या, म्हणून पुढचा माणूस आपटला नाही. पण वर गेलेल्याचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. यांना नुसते नंबर."

त्यांचं एक वाक्य वर्कशॉपमध्ये सगळ्यांना पाठ होतं. "चालेल हे उत्तर नाही. चाललं हे उत्तर आहे." आणि दरवाज्याच्या बाबतीत कुणी इन्शाल्ला म्हटलं की ते हात जोडायचे. "चहा येईल, इन्शाल्ला. पगार होईल, इन्शाल्ला. दार उघडेल की नाही, ते आपण बघू हो. त्या वरच्याला कशाला त्रास?" खानभाई खो खो हसायचा.

एवढी धास्ती आली कुठून, असं मी त्यांना एकदा गाडीत विचारलंही होतं. "काका, पूर्वी काही झालं होतं का?"

"कशाला व्हायला पाहिजे?" ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत बसले. त्यामागे काही कहाणी असेल तर ती मला आजतागायत कळलेली नाही.

तर अशा माणसाच्या आयुष्यात एके दिवशी ऑर्डर आली. मुलांसाठीचं एक विज्ञान केंद्र उभं राहत होतं. त्यांना अंगणात ठेवायला पहिल्या जमान्यातलं एकासनी अवकाशयान हवं होतं. मूल आत बसणार, दार लागणार, दीड मिनिट गडगडाट होणार, खुर्ची हादरणार, मग मुलानं स्वतः मूठ ओढून बाहेर यायचं. काकांनी काय जादू केली कोण जाणे, पण मीटिंगमधून बाहेर आले ते खऱ्या यानाऐवजी डमी यानाची ऑर्डर घेऊनच. पांढरं अंग, काळं दार, बाजूला मोठा नंबर. पुढचे दोन महिने घरात लग्न असल्यासारखे ते वावरत होते. दाढी रोज. शर्ट इस्त्रीचा.

आणि मी एक चूक केली. घरी सईला सांगितलं. सईनं शाळेत सांगितलं. शाळेनं केंद्राला फोन केला. चाचणीच्या दिवशी सईच्या वर्गाला बोलवायचं ठरलं, आणि पहिल्यांदा कोण बसणार याचा निकाल तर सईनं परस्पर लावून टाकला होता. "माय मदर इज मेकिंग इट, सो." झोप उडाली ती माझी. बंद लोखंडी डब्यात माझी मुलगी, हा विचार भाजी चिरतानासुद्धा पाठ सोडेना.

काकांनी दाराची चाचणी ठरवून दिली. आतली मूठ खाली ओढली की चारही खिट्ट्या सरकतात आणि दार बाहेर ढकललं जातं. त्या ओढीला सात किलोच्या आतच जोर लागला पाहिजे, कारण सात वर्षांच्या मुलाला तेवढंच जमतं. हे त्यांनी सईकडून आमच्याच घरी वीसेक वेळा काटा ओढवून ठरवलेलं. दहा दिवस, रोज तीनदा मोजायचं. सकाळ, दुपार, संध्याकाळ. आणि नेमके त्याच दहा दिवसांत काका डोळ्याच्या ऑपरेशनसाठी अंबरनाथला गेले. जाताना कागद माझ्या हातात दिला.

आता दुपारची गोष्ट सांगते, ती आमच्याकडे काम न केलेल्याला पटकन कळणार नाही. ऐन उन्हाळ्यात इथे साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला बंदी असते. चांगला कायदा आहे. पण त्यामुळे झालं असं होतं की जून ते सप्टेंबर, दुपारी अंगणात एखादी वस्तू कशी वागते हे आमच्या वर्कशॉपमध्ये कुणी कधी बघितलेलंच नव्हतं. दुपारचा रकाना सकाळच्या आकड्यावरून भरायचा, ही पद्धत. गेटला तेच, शटरला तेच. माझ्या आधीची मुलगी तसंच करायची, तिच्या आधीचाही. काकांना हे माहीत नव्हतं, कारण ते असले की ते स्वतःच सावलीच्या शेडमध्ये काहीतरी करून मोजत. कुणाला यात लबाडी वाटायची नाही. लोखंड ते लोखंड, दुपारी काय त्याला शिंगं फुटणार?

मीही तसंच केलं. दहा दिवस. आणि मी नुसता सकाळचा आकडा उतरवला असता तर एक वेळ ठीक होतं. मी तो अर्ध्या किलोनं वाढवायचे. सकाळी पाच, तर दुपारी साडेपाच. खरा वाटावा म्हणून. याची मला तेव्हा गंमत वाटली होती, हे सांगताना आजही कान गरम होतात.

काका परतले त्या दिवशी यान वर्कशॉपच्या अंगणात उभं होतं, दोनच दिवसांपूर्वी शेवटचा रंग मारलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेलर येणार होता. त्यांनी कागद बघितला, काळ्या चष्म्याआडून दोनदा वाचला आणि म्हणाले, "फार छान ठेवलंय हो." पावणेएकला माझ्या केबिनच्या दारात उभे. बगलेत पेपर, हातात पाटी. "चला. दहा मिनिटं बसून घेतो. कागद घ्या."

"काका, आत्ता? बंदी आहे."

"काम करायला बंदी आहे. मी बसतोय."

मला तेव्हाच सांगता आलं असतं. सांगायला तोंडही उघडलं. "काका, ते दुपारचं..." एवढं म्हणाले. ते वळून थांबले, इतक्या विश्वासानं थांबले की माझ्या तोंडून निघालं, "दुपारचं ऊन फार आहे." ते म्हणाले, "पोरं उन्हातच बसणार आहेत." मी छत्री उघडून त्यांच्या मागून गेले.

दार लागलं. खिट्ट्या बसल्याचा आवाज आला. मी मोबाइलवर वेळ लावली. आतला पंखा अजून जोडलेला नव्हता, खालच्या बाजूला बोटाएवढी भोकं होती तेवढीच. अंगणात चिटपाखरू नाही, सगळे जेवायच्या हॉलमध्ये. पहिली दोन मिनिटं आतून पेपर उलटल्याचा आवाज येत होता. चौथ्या मिनिटाला मी विचारलं, "काका, बरं वाटतंय ना?" "गरम आहे," ते म्हणाले, "पण बसण्यासारखं आहे." सातव्या मिनिटाला पेपरचा आवाज थांबला. मी स्वतःला समजावत होते, उघडेल, न उघडायला काय झालं, लोखंड ते लोखंड.

"झाली दहा," मी ओरडले.

"काटा लावतो. लिहून घ्या."

मी पेन काढलं.

"सात. नाही उघडत. नऊ. बारा. थांबा हो, जरा नीट धरतो. पंधरा." आवाज नेहमीसारखाच, आकडे सांगायचा. "अठरा. नाही. लिहिलंत का? दुपारच्या रकान्यात."

त्या रकान्यात माझ्या अक्षरात साडेपाच लिहिलेलं होतं.

"काका," मी दाराला तोंड लावून म्हणाले, "तिथे लिहिलेलं आहे. मी आधीच लिहिलंय. मी मोजलं नव्हतं. एकदाही मोजलं नव्हतं."

आतून काटा पुन्हा अडकवल्याचा आवाज आला.

मग ते म्हणाले, "मग खोडा. खोडा आणि शेजारी सही करा. आता वाचतो ते लिहा. बावीस. उघडत नाही."

मी खोडलं. सही केली. बावीस लिहिलं. आणि मग बाहेरच्या मुठीला लटकले तेव्हा तळहात चर्रकन भाजला. मी हॉलकडे ओरडत पळाले. खानभाई हातातली रोटी टाकून धावत आला, त्याच्या मागे आणखी चौघे. एकानं पाण्याचा पाइप आणून काळ्या दारावर धरला, वाफ निघाली. रंग अजून कच्चा होता, कडेचं रबर उन्हानं मऊ होऊन त्याला चिकटलं होतं आणि तापलेलं दार चौकटीत आवळून बसलं होतं. सकाळी सहाला यातलं काहीच नसायचं.

"काकाजी, बोलते रहो!" खानभाई ओरडला.

"छब्बीस," आतून आलं. मग बऱ्याच वेळानं, "काटा... छूट गया." त्यानंतर काही नाही.

"बाजी, हटो," म्हणून खानभाईनं मला, त्याच्या या ताईला, बाजूला केलं, आणि बिजागऱ्यांच्या पिना छिन्नी-हातोड्यानं खालून वर ठोकायला लागला. पहिली निघाली. दुसरी वाकली होती. मी मनात कुणाकुणाला काय काय बोलत होते ते मला आठवत नाही. खालच्या भोकाशी वाकून मी "काका, काका" करत होते आणि आतून गरम वारा तोंडावर येत होता. पिन निघाली. दोघांनी पहारी घालून दार उचकटलं. काका खुर्चीत तिरके पडले होते, ओठ पांढरे, मांडीवर पेपर ओला.

डोळे उघडल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, "एकूण किती मिनिटं?" बावीस झाली होती.

हॉस्पिटलमध्ये सलाइन लावलं. संध्याकाळी मी एकटी भेटायला गेले. बोलायचं खूप होतं, पण जे मला आतून खात होतं तेच आधी बाहेर पडलं. "काका, तुम्हाला संशय आला होता ना? म्हणूनच बसलात ना?" त्यांनी हो म्हणावं अशी माझी फार इच्छा होती. त्यांनी मला पकडलं असतं, तर निदान आमच्यात फिटंफाट झाली असती.

"छे हो," ते म्हणाले. "साडेपाच होतं ना कागदावर. साडेपाच म्हणजे मूलसुद्धा उघडेल. मी तर पेपर घेऊन गेलो होतो, निवांत."

मी तिथंच रडले. त्यांनी नर्सकडे पाणी मागितलं, माझ्यासाठी.

मॅनेजरनं काकांना बोलावून घेतलं. बंदीच्या वेळेत अंगणात, या वयात, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं असताना! काका म्हणाले, "माझीच चूक. घड्याळ बघितलं नाही." मी शेजारी उभी होते आणि बोलले नाही. नोकरीची भीती वाटली, हे सरळच सांगते. बोलले ते आठवड्यानंतर, आणि मॅनेजर हसला. "मॅडम, दोपहर का कॉलम सब ऐसे ही भरते हैं. खलास, क्लोज द टॉपिक." शिक्षा झाली असती तर बरं वाटलं असतं. काकांचा करार मात्र पुढे वाढवला नाही. वय झालं, असं कारण दिलं.

दार नव्यानं केलं. पांढरं, फटीचं अंतर वाढवून, रबर बदलून, खिट्ट्या चारच्या दोन. पंखा आधी जोडला. डिलिव्हरी सप्टेंबरच्या अखेरीला गेली, तोवर दुपारची बंदी उठली होती, ऊन मात्र कुठे गेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सईचा वर्ग येणार होता आणि काकांचं तिकीट त्याच आठवड्याचं होतं. केंद्राच्या अंगणात यान उतरल्यावर मी म्हणाले, या वेळी आत मी बसते. काका नको म्हणाले नाहीत. खानभाई हातोडा घेऊन बिजागरीपाशी उभा राहिला, काका कागद घेऊन.

दार लागलं. दहा मिनिटं किती मोठी असतात ते मला त्या दिवशी कळलं. घाम डोळ्यांत जात होता, आणि उद्या याच खुर्चीत सईचे पाय लोंबकळत असतील, एवढंच डोळ्यांसमोर. "झाली दहा," काकांचा आवाज आला. मी काटा अडकवला आणि ओढला. दार उघडलं, पांढरं ऊन एकदम अंगावर आलं.

"किती?" काकांनी विचारलं.

"सहा," मी म्हणाले.

त्यांचं पेन कागदावर टेकलं होतं. ते लिहीनात. आजवर मी सांगितलेला प्रत्येक आकडा त्यांनी ऐकला की उतरवला होता, कधी मान वर करून बघितलंही नव्हतं. आता त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता, अवघडलेपण होतं, एखाद्या वडीलधाऱ्याला नको ते विचारावं लागतंय तसं.

"नक्की?" ते म्हणाले.

मी हो म्हणाले नाही. दार आत ओढून पुन्हा लावून घेतलं.